जांभळ्या दिव्याची खंडेनवमी

अप्पांनी आयुष्यात फार थोड्या गोष्टी दुसऱ्यावर सोपवल्या. कंपनीतल्या बॉयलरच्या आसपास ते कुणाला फिरकू देत नसत, आणि घरात मासळी आणायची तरी स्वतःच जात. पण मी कोणत्या शाखेत राहायचं हा प्रश्न आला तेव्हा मात्र त्यांनी सरळ हात झटकले. "तुझी आई म्हणंल तसं," एवढं बोलून ते ड्यूटीवर गेले. आईनेही लगेच काही सांगितलं नाही. आमच्या कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी हा विषय तेव्हा नुकताच सुरू झाला होता. त्यात मी प्रवेश घेऊन बसले होते, आणि पटलं नाही तर दिवाळीच्या सुट्टीआधी कॉमर्सला बदलून घेता येत होतं. "दिवाळीपातूर बघू," आई म्हणाली आणि परत भाकरी थापायला लागली. तिच्या पाठीकडे बघून तिच्या मनात काय चाललंय ते कधीच कळायचं नाही.

आम्ही दिघ्याला चढावरच्या दोन खोल्यांत राहायचो. मागे डोंगर, पुढे उतारावर घरांची पत्र्याची छपरं आणि त्यापलीकडे कंपन्यांची धुराडी. घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. कंपनीच्या भोंग्यावर सगळं चालायचं. पहिल्या भोंग्याला आईचा तवा चुलीवर चढायचा, दुसऱ्याला अप्पांचा डबा भरलेला असायचा, खर्डा, भाकरी आणि असलीच तर पावट्याची आमटी. वाऱ्याची दिशा आम्ही वासावरून सांगायचो. एका कंपनीकडून पिकल्या केळ्याचा गोड वास यायचा. लहानपणी मी त्या वासामागे हुंगत हुंगत गटारापर्यंत जाऊन आले होते, केळी कुठे ठेवलीत ते बघायला. केळं नाही आणि वास मात्र केळ्याचा, हे मला फार दिवस पुरलं. अप्पा म्हणाले, तो वास बाटलीत बनवतात. मग केळ्यात तो कोण बनवतं, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, गप जेव. माझ्या सगळ्या शिक्षणाचं मूळ विचाराल तर त्या न मिळालेल्या उत्तरात आहे.

आत्याला, म्हणजे अप्पांच्या बहिणीला, माझ्या विषयाचं नावसुद्धा उच्चारता येत नव्हतं, पण मत पक्कं होतं. ती घणसोलीला राहायची आणि दर रविवारी मत द्यायला यायची. "रक्त-लघवी तपासायचं काम ते. जंतू घरात आनंल पोरगी. आन् त्या दुर्बिणीत डोळं घालून घालून चष्मा लागंल, मंग कोन करतंय लगीन?" आई तिला चहा द्यायची आणि ऐकून घ्यायची. पण मी कॉलेजातून आले की आई मला उंबऱ्याशीच थांबवायची, हातपाय धुवायला लावायची आणि कॉलेजचे कपडे वेगळ्या बादलीत टाकायची. आत काय शिकवलं हे तिने पहिल्या दोन-तीन महिन्यांत एकदाही विचारलं नाही. मला ते फार लागायचं. शेजारच्या मुलीने शिवणाच्या क्लासात काय शिवलं ते आई कौतुकाने विचारायची, आणि माझ्याकडे मात्र घरी संसर्ग घेऊन आलेल्या पाहुण्यासारखं बघायची.

आणि मला तर सांगायची इतकी घाई झालेली असायची. आमची प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजच्या टोकाची एक लांबट खोली. तिथे शिरायचं तर केस बांधायचे, ॲप्रन घालायचा, नखं दाखवायची, आणि तोंडाजवळ हात न्यायचा नाही. सुरुवातीला आम्ही फक्त काच धूत होतो. मग पाध्ये मॅडमनी जंतूंचं खाणं शिजवायला शिकवलं, त्यात घालायची ती आगार म्हणजे चायना ग्रासचीच बहीण. ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये, शिजवून काचेच्या बशांमध्ये ओतायचं आणि गोठू द्यायचं. पुढचं सगळं काम लॅमिनार नावाच्या कपाटात. तिघी बसतील एवढं रुंद, समोर वर-खाली सरकणारी काच, आणि आतून आपल्या अंगावर मंद वारा येत राहतो, बाहेरची धूळ आत जाऊ नये म्हणून. काम सुरू करण्याआधी त्यात एक जांभळा दिवा लावून ठेवायचा. तो आतले जंतू मारतो. तेव्हा काच पूर्ण खाली हवी, आणि दिवा बंद केल्याशिवाय ती उचलायची नाही. मॅडमनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंही होतं, आणि आम्हाला सगळ्यांना ते पाठ होतं. पाठ असण्याचा उपयोग किती, ते पुढे कळलं.

खंडेनवमीला अप्पांच्या कंपनीत बायकामुलांना आत सोडत. एरवी गेटवरचा वॉचमन डबासुद्धा उघडून बघायचा, त्या दिवशी मात्र आम्ही नवे कपडे घालून थेट बॉयलरपर्यंत जायचो. बॉयलरला झेंडूची माळ, दाबाच्या गेजला कुंकू, आणि अप्पा जावयासारखे बाजूला उभे. प्रयोगशाळेची पहिलीच खंडेनवमी येत होती, तेव्हा मी मॅडमना ही पद्धत सांगितली आणि त्यांना ती आवडली. घरच्यांना बोलवा, म्हणाल्या, मुली इथे काय करतात ते त्यांना कळू दे. मी घरी निरोप दिला, आणि आदल्या दिवशी आईने ठेवणीतलं हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं. अप्पा मला हळूच म्हणाले, "ती बघायला येतीया. तिथंच ठरवणार बघ."

त्या दिवशी प्रयोगशाळा ओळखू येत नव्हती. आमच्या लॅबचे गायकरमामा जवळच्या आगरी गावातले, दर वर्षी गावचा गणपती सजवणारे. त्यांनी सूक्ष्मदर्शकांना फुलं वाहिली, ऑटोक्लेव्हला तोरण बांधलं आणि लॅमिनारच्या चौकटीला इतकी सुंदर माळ घातली की ते यंत्र वाटेनाच. माळ आत घ्यायची म्हणून काच वर सरकवली होती. जांभळा दिवा सवयीने सकाळीच लावलेला होता.

"म्याडम, यो दिवा बंद करू काय?" मामांनी विचारलं.

मॅडम उत्तर देणार तेवढ्यात मागून आमच्यातली कुणीतरी म्हणाली, "असू द्या ना मामा, मस्त गाभाऱ्यासारखं दिसतंय." आणि खरंच दिसत होतं. खोलीतल्या ट्यूब मालवल्या होत्या, निरांजनं पेटली होती, आणि मधोमध तो निळा-जांभळा उजेड. मॅडम हसल्या आणि दिवा राहिला. एरवी त्या आम्हाला काच बोटभर उघडी दिसली तरी ओरडायच्या. पण त्या दिवशी ते कपाट देव झालं होतं, आणि आरतीच्या वेळी देवासमोर पडदा ओढायचं कुणाच्या मनात येणार?

जमलेल्या बायकांत आई सगळ्यांत मोठी, म्हणून मान तिला मिळाला. तिने आत हात घालून कुंकू लावलं, आरतीचं ताट घेतलं आणि थेट समोर उभी राहिली. तबक सांभाळायला मी तिच्या शेजारी. आरत्या सुरू झाल्या त्या थांबेनात; नवरात्र, त्यात हौशी मंडळी, प्रत्येकीला आपल्या गावच्या देवीची म्हणायची होती. आई एकटक बघत होती. घरात माझ्या पुस्तकांकडे तिने कधी असं बघितलं नव्हतं, म्हणून मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. अप्पा तिकडे मागे ऑटोक्लेव्हपाशी जाऊन त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासत होते. आरतीत त्यांचं लक्ष नव्हतं. घरी येताना आई एवढंच म्हणाली, "सोच्छ हाय जागा." मला तेवढं पुष्कळ झालं.

दिवेलागणीला आईने डोळे चोळायला सुरुवात केली. आधी वाटलं धुपाने असेल. मग डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचायला लागलं, पाण्याची धार लागली, चेहरा तव्याजवळ धरल्यासारखा लाल झाला आणि पापण्या उघडेनात. माझेही डोळे चुरचुरत होते, पण तिच्याइतके नाही. आमच्याकडे कुणाचे डोळे झोंबले की पहिलं वाक्य ठरलेलं. शेजारच्या काकूंनी ते म्हटलंच, "सोडला बघा कंपनीनं गॅस." धडाधड खिडक्या लागल्या, ओली फडकी नाकावर आली. पण गॅस आला तर तो आमच्याच दोघींना शोधत कसा आला? काकू ठणठणीत होत्या, अप्पा ठणठणीत होते. मला भीती वाटत होतीच, आईला दिसेनासं झालं तर काय? तरी त्या भीतीच्या शेजारीच हा प्रश्नही बसून राहिला होता आणि जात नव्हता.

दसऱ्याला सकाळी अप्पा आईला हाताला धरून ऐरोलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, मागे मी. डॉक्टर स्वतःच्याच यंत्राची पूजा करत होते. हार बाजूला सारून त्यांनी आईची हनुवटी त्यावर टेकवली आणि बराच वेळ बघितलं.

"काल वेल्डिंग बघत उभ्या होतात का?"

"वेल्डिंग न्हाय," आई डोळे मिटूनच म्हणाली, "आरती करत हुते."

डॉक्टरांना काही उमगेना, पण माझ्या डोक्यात लख्ख झालं. समोर उभी ती आई. बाजूला ती मी, म्हणून मला कमी. मागे पाठ करून उभे ते अप्पा. उघड्या काचेतून सुटलेला उजेड वेल्डिंगच्या ठिणगीसारखा तिच्या डोळ्यांत गेला होता. मी सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वरचा पापुद्रा भाजलाय, सहसा दोन-तीन दिवसांत भरून येतो, मलम घाला, डोळे झाकून ठेवा. 'सहसा' हा शब्द मला अजिबात आवडला नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी ती मोठी साथ आली तेव्हा लोकांनी भाज्या आणि मोबाईल शुद्ध करायला असल्याच जांभळ्या दिव्याच्या पेट्या घेतल्या होत्या. आमच्या सोसायटीत एकाने तो दिवा उघडाच लिफ्टमध्ये बसवला, वर हौसेने हार घातला. मी कमिटीच्या मीटिंगमध्ये एवढं भांडले की लोक मला अजून जपून नमस्कार करतात. करू देत. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात, आणि आमच्या घरी तर डोळे पोळले होते.

त्या दसऱ्याला घरात पुरण शिजलं नाही. आई डोळ्यांवर ओलं फडकं घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती. संध्याकाळी आत्या सोनं द्यायला आली आणि आपट्याचं पान हातात ठेवायच्या आधीच म्हणाली, "म्या सांगितलं नव्हतं? डोळं जातील म्हणून?" ती म्हणाली होती माझे, गेले आईचे, पण हिशेब तिला जुळला. "उद्याच्या उद्या नाव काढा पोरीचं." अप्पा खाली बघत बसले. आई झोपली असावी असं वाटून आत्या निघून गेली.

ती गेल्यावर फडक्याखालून आवाज आला. "सुमे, दिवा गरम नव्हता गं. म्या आत हात घातला हुता. मंग भाजलं कशानं?"

मी तिच्या उशाशी जाऊन बसले. सांगितलं की जांभळा दिसतो तो त्या उजेडाचा थोडासाच भाग, खरा भाजणारा उजेड आपल्याला दिसतच नाही.

तिने फडकं डोळ्यांवर नीट बसवलं. मग म्हणाली, "म्हंजी दिसतंय ते येगळं, आन् भाजतंय ते येगळं." थोड्या वेळाने, "मंग तुझ्या बाईस्नी का न्हाय झालं? त्या बी समोरच हुत्या की."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मॅडम आईच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. मी विचार करत राहिले आणि एकदम आठवलं, मॅडमना चष्मा होता. तो उजेड काचेतून जात नाही, म्हणून तर कपाटाला काच. आईला हे सांगितलं तर फडक्याखाली तिचे ओठ हलले. आत्याचं 'चष्मा लागंल' आठवून ती हसत होती.

"आन् जंतूंस्नी तर डोळं नसत्यात," ती म्हणाली. "मंग त्यास्नी हा उजेड लागतो कुठं?"

मी माझ्या आईकडे बघत राहिले. इतके दिवस मला वाटत होतं की हिला काही जाणून घ्यायचं नाही. ही बाई अंधारात पडून, डोळे जातील की राहतील हे माहीत नसताना, मला असा प्रश्न विचारत होती जो वर्गात आमच्यापैकी कुणी विचारला नव्हता. मला रडू फुटलं. तिला वाटलं मी तिच्या डोळ्यांसाठी रडते आहे, आणि तेही खोटं नव्हतं.

डॉक्टरांचं 'सहसा' खरं ठरलं. फडकं काढल्यावर आईने आधी खिडकीतून धुराडी बघितली, मग माझं तोंड, मग म्हणाली, "उद्या म्या येनार तुझ्या कॉलेजात." मी आशाच सोडून दिली. वाटेत बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. हातात पिशवी होती, तिच्यात माझे सगळे दाखले असणार असं मी धरून चालले.

झालेला प्रकार मी मॅडमना आधीच कळवला होता; आईला बघून त्या उभ्याच राहिल्या. "चूक माझी होती," त्या म्हणाल्या. "मला सगळं माहीत असून मी काच खाली केली नाही. तुम्ही मुलीला इथे ठेवली नाहीत तरी मी समजून घेईन."

"ते ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "जंतूंस्नी कुठं लागतं तेवढं सांगा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग स्टूल ओढून आईला बसवलं. प्रत्येक जंतूच्या आत एक लांबलचक धागा असतो, त्या उजेडाने त्याला गाठी बसतात, आणि गाठी बसलेल्या धाग्यावरून दुसरा धागा काढता येत नाही, म्हणून त्याचा वंश थांबतो, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, दाखवतेच. गोठलेल्या खाण्याची एक बशी आईपुढे धरली आणि तिला तिची बोटं त्यावर सगळीकडे टेकवायला लावली. अर्धी बशी काळ्या कागदाने झाकली, कपाटात ठेवली, काच पार खाली ओढली आणि मगच दिवा लावला. तरीही आईने पदर डोळ्यांवर घेतला. नंतर बशी उबदार पेटीत गेली, आणि आई घरी जाऊन दुसऱ्या दिवशी तीच पिशवी घेऊन पुन्हा हजर झाली.

बशीच्या एका बाजूला पांढरे-पिवळे ठिपके दाटले होते. कागदाच्या सरळ रेषेपाशी ते संपत होते आणि पलीकडे जवळजवळ काहीच नव्हतं. "हे माझ्या बोटांवरचं?" आईने विचारलं आणि हात उलटेसुलटे करून बघितले, चांगले धुतलेले, भाकरीचे हात. मग बशी छातीशी धरून म्हणाली, "ही म्या घरला न्हेते. ह्यास्नी दाखवते."

"नाही," मॅडम म्हणाल्या.

मी दचकले. कालच माफी मागितलेली बाई आज आईला सरळ नाही म्हणत होती. "इथे वाढलेलं काहीही दाराबाहेर जात नाही. आधी वाफेत मारायचं, मगच टाकायचं. तुमच्यासाठीसुद्धा नियम तोच." त्यांनी हात पुढे केला. आईने त्यांच्याकडे जरा वेळ रोखून बघितलं आणि बशी परत दिली.

"त्या दिशी माझा मान राखायला नेम मोडलासा," ती म्हणाली. "आज मोडला न्हाईसा. ह्ये ब्येस केलंसा."

तिने पिशवी उघडली. आत दाखले नव्हते, डब्यात दसऱ्याला करायच्या राहून गेलेल्या, त्या पहाटे केलेल्या पुरणपोळ्या होत्या. मॅडम म्हणाल्या, प्रयोगशाळेत खायचं नसतं, आणि आम्ही सगळ्यांनी बाहेर व्हरांड्यात उभं राहून, साबणाने हात धुऊन, त्या खाल्ल्या.

बसस्टॉपवर मला राहवेना. "मग काय ठरवलंस?"

"काय ठरवायचं? शीक," आई म्हणाली. आमची बस येताना दिसत होती, तिने हात केला. "पर एक. घरला आलीस की काय बघितलंस ते आधी मला सांगायचं. मंग जेवायचं."

शिकत होते तेवढी सगळी वर्षं, आणि नंतर नोकरीतही, मी तो नेम पाळला. लग्नानंतर फोनवरून पाळला. ती जेवण झाकून ठेवून ऐकायची, मध्येच असं काही विचारायची की मला दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडावं लागायचं. ती गेली त्यानंतर परत कामावर गेले त्या पहिल्या दिवशी बशीत एक बुरशी उगवली होती, कडेला गुलाबी आणि मधे हिरवी, मी आयुष्यात कधी न पाहिलेली. घरी आले, हातपाय धुतले, ताट वाढून घेतलं. मग ताट बाजूला ठेवलं, ओट्याकडे तोंड केलं आणि तिला त्या बुरशीबद्दल सगळं सांगितलं. ती काय विचारेल ते सुचेना म्हणून थोडा वेळ थांबले. मग जेवले.